ट्रीटमेंट ‘लाइट’ची, पण दुखणं किती ‘लाइट’?

मे महिन्याची दुपार, किन्हीराजाचा रस्ता आणि डोक्यावर वाशिम जिल्ह्याचं कडक ऊन. माहीत आहे का, प्रकाश हे त्वचेच्या कितीतरी तक्रारींवर चक्क औषध आहे? आणि औषध म्हटलं की पेशंटचा पहिला सवाल ठरलेला: “डॉक्टरसाहेब, दुखते का हो?”

उत्तर: डिपेंड्स! कशावर? चला, फटाफट.

आधी थोडा भाव खाऊ! १९०३ चं वैद्यकाचं नोबेल गेलं डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना. त्वचेच्या क्षयावर त्यांनी प्रकाशझोत सोडला होता. पण आपली बावची त्याहून कितीतरी जुनी. कोडाच्या पांढऱ्या डागांवर बावचीचं बी आणि ऊन हा इथला प्राचीन उपाय. १९३३ मध्ये भारतीय रसायनतज्ज्ञांनी त्या बियांतून सोरालेन वेगळं काढलं आणि १९७४ मध्ये अमेरिकेत त्याच कुळातल्या औषधावर ‘पुवा’ थेरपी (सोरालेन अधिक यूव्हीए म्हणजे अतिनील किरण) उभी राहिली. बावची झाली ग्लोबल!

पण सावधान! पुवाची जळजळ लेट लतीफ आहे. साध्या यूव्हीबी किरणांचा चटका दुसऱ्या दिवसापर्यंत कळतो. पुवाचा मात्र दोन-तीन दिवसांनी शिगेला पोचतो. ट्रीटमेंट सोमवारी, आग गुरुवारी! ‘आज काहीच झालं नाही’ म्हणून मिनिटं वाढवली की फोड आलेच. घरच्या घरी बावची चोळून उन्हात बसणाऱ्यांनो, हे दोनदा वाचा.

लिंबू पिळलेले हात न धुता उन्हात गेलात तरी चट्टे उठू शकतात, माहीत आहे का? लिंबातही सोरालेनचे भाऊबंद असतात.

आता खरी दुखरी पार्टी: फोटोडायनॅमिक थेरपी. डागावर क्रीम लावायचं, पेशी त्यापासून प्रकाश टिपणारं द्रव्य बनवतात, मग लाल दिवा ऑन! द्रव्य पेटतं आणि रोगट पेशी मरतात. उन्हाने होणारे कॅन्सरपूर्व चट्टे हे तिचं मुख्य गिऱ्हाईक. सावळ्या कातडीवर मेलॅनिनचं छत्र असल्यामुळे ते आपल्याकडे कमीच दिसतात.

दिवा लागला की पहिल्या काही मिनिटांतच वेदना टॉपला. चेहरा आणि टाळू सगळ्यात नाजूक. डाग जितका मोठा, तितकी बोंब मोठी. दिवा जितका प्रखर, तितका चटका जास्त. प्रखरता कमी करून वेळ वाढवला की त्रास उतरतो. म्हणजे दुखणं नशिबावर नाही, बऱ्यापैकी बटणावर आहे! तेव्हा दात-ओठ खाऊन गप्प पडू नका, डॉक्टरांना बिनधास्त सांगा.

आणि हा तर सुपरहिट नगेट. दिवाच नको, क्रीम लावा आणि अर्ध्या तासात दोन तासांसाठी बाहेर पडा! ‘डेलाइट’ पद्धतीत वेदना जवळजवळ गायब. का? दिव्याआधी द्रव्य तीन तास साठतं आणि मग एकदम भडकतं. दिवसाच्या उजेडात ते बनता बनताच खर्च होतं. किराणा दुकानाची उधारी रोज थोडी थोडी फेडली की महिनाअखेरीस घाम फुटत नाही, तसंच. पारा १० अंशांखाली असेल तर मात्र ही पद्धत टाळतात. आपल्याकडे तो प्रश्न कुठला?

आणि दिवाच लावायचा असेल तर बधिरीकरणाचं क्रीम? इथे बहुधा फ्लॉप. यंत्राची गार हवा बरी. चेहऱ्याच्या नसेलाच इंजेक्शन देऊन झोपवलं तर फारच उत्तम.

शेवटचा तडका खास वऱ्हाडी जिभेसाठी. २००६ मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी वेदना कमी करायला काय लावून पाहिलं, माहीत आहे का? मिरचीचा तिखटपणा! मिरचीतलं कॅप्सेसिन वेदनेच्या नसा थकवतं, म्हणून ट्रीटमेंटआधी त्याचं क्रीम चोळलं. रिझल्ट? काही खास आराम नाही. मिरची पुन्हा ठेच्यात!