गाडी घेताना नुसता एचपी पाहू नका, टॉर्कही विचारा



मासळी न्यायला गाडी घ्यायची म्हटलं की आपल्यातले बरेच जण एकच विचारतात, "किती एचपीची आहे?" आम्ही म्हणतो, हा अर्धाच प्रश्न झाला.

टॉर्क म्हणजे पिळायचा जोर. जाम झालेल्या नटाला 1 मीटर लांब पाना आडवा लावून टोकाला 1 किलो वजन टांगलं, तर नटावर साधारण 10 न्यूटन-मीटर टॉर्क पडतो. नट फिरो की न फिरो.

एचपी म्हणजे तो जोर किती झपाट्यानं काम करते ते. 75 किलो वजन 1 सेकंदात 1 मीटर वर उचललं की झाला 1 एचपी.

दोघांचा हिशोब असा:
एचपी = टॉर्क × आरपीएम ÷ 7023

आता पाहा. 75 एचपीवाल्या बोलेरो पिकअपचा टॉर्क 200, तोही 1400 ते 2200 आरपीएमलाच. 83 एचपीवाल्या पेट्रोल स्विफ्टचा टॉर्क जास्तीत जास्त 113. कागदावर स्विफ्ट मोठी! पण 2000 आरपीएमला पिकअप देते 57 एचपी आणि स्विफ्ट फार तर 32. तिचे 83 निघतात 6000 आरपीएमला, म्हणजे इंजिन किंचाळल्यावर.

मग एचपीला किंमत नाही का? आहे ना. खालचा गिअर टाकला की चाकावरचा टॉर्क वाढते, पण वेग कमी होते. भरल्या गाडीनं चढ किती वेगात चढायचा, हे शेवटी एचपीच ठरवते. टॉर्क एवढंच सांगते की ती ताकद कमी आरपीएमला मिळते की इंजिन ताणल्यावर.

सौंसरहून छिंदवाड्याकडे माल नेताना सिल्लेवानी घाट लागते. मासळी अन् बर्फ भरलेली गाडी वरच्याच गिअरमध्ये रेटू नका. आरपीएम पडायच्या आधीच गिअर उतरवा. नाहीतर इंजिन गुदमरते, तापते, डिझेल जास्त खाते. अन् गाडी घाटात बंद पडली तर बर्फ काही थांबत नाही, तिकडे माल नरम पडते.

म्हणून गाडी घेताना तीन गोष्टी लिहून घ्या: एचपी किती अन् कोणत्या आरपीएमला, टॉर्क किती अन् कोणत्या आरपीएमला, आणि पासिंग किती वजनाचं. कर्जाच्या कागदावर सही करायच्या आधी तो कागद घेऊन समितीच्या ऑफिसात या. बसून हिशोब करू.