‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके काय?

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य निराधार योजनेचे पैसे काढायला परंड्याहून किंवा कळंबहून एस.टी.ने आलेल्या म्हातारीला सांगणे आम्हा बँकेतील कारकुनांनाही जड जाते. तिची समजूत अशी की, शाखेतले यंत्र बिघडले. वास्तविक खात्याची नोंद शाखेत नसतेच. ती दूरच्या डेटा सेंटरमध्ये असते. २१ नोव्हेंबर २०२० रोजी एचडीएफसी बँकेच्या मुख्य डेटा सेंटरची वीज गेली आणि ऑनलाइन व्यवहार अडले. २ डिसेंबरला रिझर्व्ह बँकेने त्या बँकेला नवे क्रेडिट कार्ड ग्राहक घेणे तात्पुरते थांबवावयास लावले.

मोठा माहितीसाठा एकाच संगणकावर ठेवीत नाहीत. अनेक संगणक जोडून केलेल्या समूहास क्लस्टर व त्यातील प्रत्येकास नोड म्हणतात. ‘ॲपाचे कॅसँड्रा’ ही विनामूल्य प्रणाली उदाहरणादाखल घेऊ. (बँकांच्या खातेवह्या सहसा दुसऱ्या प्रणालींवर असतात, पण विद्यार्थ्यांना शिकायला ही सोयीची.) ‘नोडटूल स्टेटस’ ही आज्ञा दिली की प्रत्येक नोडपुढे दोन अक्षरे उमटतात. पहिले ‘यू’ म्हणजे चालू, ‘डी’ म्हणजे बंद. दुसरे ‘एन’ असेल तर नेहमीचे काम, ‘जे’ म्हणजे नव्याने सामील होत असलेला, ‘एल’ म्हणजे बाहेर पडत असलेला.

खरी मेख ‘डीएन’मध्ये आहे. नोड दर सेकंदाला एकमेकांची खबर घेतात; या पद्धतीचे नावच ‘गॉसिप’, म्हणजे पारावरच्या गप्पा! एखाद्याची खबर थांबली की शेजारी त्याला बंद समजतात. पण खबर न येणे म्हणजे मरणे नव्हे. मधली तारही तुटलेली असू शकते. म्हणून तीच आज्ञा दुसऱ्या, तिसऱ्या नोडवरूनही देऊन पाहावी. एकालाच तो बंद दिसत असेल तर दोष बहुधा त्या दोघांमधल्या वाटेत. सर्वांनाच दिसत असेल तर त्या यंत्राकडे जावे: वीज आहे का, डिस्क भरली का, मेमरी संपली का, आणि लॉगमध्ये शेवटची ओळ कोणती. लॉग न वाचता यंत्र बंद करून पुन्हा चालू करण्याची घाई मला तरी पसंत नाही.

पुढचा प्रश्न, नोड किती वेळ बंद होता? मूळ मांडणीत ३ तासांपर्यंतच्या चुकलेल्या नोंदी शेजारी जपून ठेवतात आणि तो परतल्यावर देतात. त्याहून अधिक झाल्यास ‘रिपेअर’ ही आज्ञा देऊन प्रती जुळवाव्या लागतात. १० दिवस उलटले तर मात्र सावध! पुसलेल्या नोंदीची खूण सामान्यतः १० दिवस राखतात, मग ती काढून टाकली जाऊ शकते. परतलेल्या नोडकडे जुनी नोंद तशीच असते, खूण कोणाकडेच नसते. मग पुसलेली नोंद जिवंत होऊन सर्वत्र पसरते. अशा नोडवरील माहिती पुसून त्याला नवा म्हणूनच आत घ्यावे.

प्रती किती ठेवाव्यात, हे आपल्या कार्यकारिणीच्या गणपूर्तीवरून कळेल. तीन प्रतींत दोघांचे बहुमत होते, एक गैरहजर असला तरी काम चालते. दोनच प्रती असतील तर बहुमतालाही दोघेच लागतात, आणि एक बंद पडताच बहुमताने होणारे काम अडते.