तांडा : एका शब्दाची वाटचाल

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद, दिग्रस, दारव्हा आदी तालुक्यांच्या दप्तरांत ‘तांडा’ हा शब्द नित्य आढळतो. गावापासून काही अंतरावर असलेली बंजारा समाजाची वस्ती, एवढाच अर्थ आज त्यातून घेतला जातो. वस्तुतः हा शब्द मूळचा वस्तीचा नव्हे, वाटचालीचा आहे. माल लादलेल्या बैलांसह मजल दरमजल करीत जाणारा व्यापारी समूह म्हणजे तांडा. कोकण किनाऱ्यावर जे कार्य गलबते करीत, तेच घाटमाथ्यावर व वऱ्हाडात तांडे करीत.

भाषेतही या नात्याची खूण सापडते. किनाऱ्यावर खलाशांच्या प्रमुखास ‘तांडेल’ म्हणतात. कोशकार जॉन प्लॅट्स यांनी १८८४ च्या आपल्या कोशात या शब्दाचा संबंध ‘तांडा’ शब्दाशी जोडला आहे. दुसऱ्या मतानुसार त्याचे मूळ वल्हे या अर्थाच्या ‘तंडु’ या मल्याळम शब्दात आहे. पहिले मत ग्राह्य धरल्यास दर्यावरील तांडेल व भूमीवरील तांडा हे एकाच कुळातील शब्द ठरतात.

तांड्याचा प्रमुख म्हणजे नायक. बैलांच्या पाठीवर दोहो बाजूंस लोंबणाऱ्या गोणींतून मीठ व धान्य दूरवर जाई. ‘लमाण’ हे नाव मीठ या अर्थाच्या ‘लवण’ शब्दापासून आल्याचे सामान्यतः मानले जाते. फौजांनाही तांड्यांचाच आधार असे. १८०३ च्या मोहिमेत वेलस्लीच्या सैन्याची धान्याची गरज बंजाऱ्यांच्या बैलांनी भागविली.

१८६७ मध्ये मुंबईचा लोहमार्ग वऱ्हाडातून नागपुरास पोहोचला. रेल्वेच्या वाघिणींपुढे गोणींचा निभाव लागला नाही. पुढे १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा समाजाची गणना विमुक्त जातींत होते. फिरता तांडा स्थिरावला, परंतु गावठाणापासून दूर राहिल्याने रस्ता, पाणी व शाळा त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचल्या.

पुसद तालुक्यातील गहुली येथे १९१३ मध्ये जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. तांडा-वस्ती सुधार योजनेस त्यांचेच नाव दिलेले आहे. या योजनेखालील कामे सुचविताना पंचायत सदस्यांनी, तसेच तांड्यावरील मुलांना शिकविताना शिक्षकांनी या शब्दाचा इतिहास ध्यानी घ्यावा. तांडा म्हणजे गावाबाहेर उरलेली वस्ती नव्हे. मुलुखाला मीठ व धान्य पुरविणाऱ्या एका व्यवस्थेचा तो वारसा होय.