रायफलीचा चाप व दस्ता : बदल व जोडणी

बोल्टच्या रायफलीचा मूळ चाप किंवा दस्ता काढून त्या जागी स्वतंत्रपणे तयार केलेला भाग बसविण्याची क्रिया. नेमबाजाच्या शरीराला रायफल जुळावी आणि चाप ओढताना नेम हलू नये, हे तिचे दोन हेतू होत. हे दोन भाग वेगळे दिसत असले, तरी एक बदलला की दुसरा पुन्हा तपासावा लागतो.

लाकडी दस्ता हवेतील ओल शोषतो. भंडारा जिल्ह्यासारख्या तलावांच्या व भातशेतीच्या प्रदेशात पावसाळ्यात फुगलेले लाकूड उन्हाळ्यात आटते. भारतात बनणारी ०·३१५ इंची शिकारी रायफल ज्या ली-एनफील्ड यंत्रणेवर आधारलेली आहे, तिच्या जुन्या आखूड प्रकारात चापाची खीळ रायफलीच्या मुख्य सांगाड्यात नसून दस्त्याखालच्या चापरक्षकात असते. साहजिकच लाकूड फुगले वा आटले की चाप व त्यावरील सिअर हा पोलादी अडसर यांतील अंतर बदलते. सैनिकी वापरात या चापाची शेवटची ओढ सु. ५ ते ६ पौंड ठेवीत. ती कानशीने घासून हलकी केली आणि नंतर दस्ता बदलला, तर ओढ किती उरेल याचा भरवसा नसतो. उत्तरकालीन नमुन्यांत चाप सांगाड्यालाच टांगण्यात आला, तो याच अडचणीमुळे.

मौझर (१८९८) व तत्सम यंत्रणांत चापाचा संपूर्ण संच एका खिळीने सांगाड्याखाली बसविता येतो. म्हणून तयार चाप प्रामुख्याने अशाच रायफलींसाठी मिळतात. बोल्ट बंद झाल्यावर दाबलेल्या स्प्रिंगसह आघातक पिन सिअरला अडून राहते. ही अडक जितकी कमी, तितकी ओढ लहान व स्वच्छ. मात्र धक्क्याने ती सुटण्याचा धोकाही तितकाच वाढतो. म्हणून जोडणीनंतर रायफल रिकामी असल्याची खात्री करून तीन कसोट्या घेतात : बोल्ट जोराने बंद करणे, दस्ता रबरी पट्टीवर आपटणे, आणि सुरक्षा-कळ लावून चाप ओढल्यानंतर ती कळ काढणे. यांपैकी एकीतही पिन सुटली, तर तो चाप वापरण्यायोग्य नसतो.

दस्ता बसविताना खरे काम डोळ्यांआड असते. गोळी सुटताना बसणारा मागचा धक्का सांगाड्याखालील एका जाड कण्यातून दस्त्याकडे जातो. हा कणा लाकडाला सर्वत्र सारखा टेकत नसेल, तर प्रत्येक बारानंतर सांगाडा किंचित सरकतो व गोळ्या विखुरतात. ही पोकळी एपॉक्सी रेझिनाने भरतात. नळी लाकडापासून मोकळी ठेवावी, हा नियम बहुतेक रायफलींना लागू पडतो. ली-एनफील्डची नळी मात्र दस्त्याच्या पुढच्या टोकाच्या दाबावर स्थिर राहते. तेथे हा नियम आंधळेपणाने लावल्यास नेम बिघडतो.

भंडाऱ्यात शिकारी रायफलीचे प्रयोजन फार पूर्वीच संपले. त्या वेळी या जिल्ह्यात असलेल्या नागझिऱ्याला १९७० मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला (१९९९ पासून त्याचा मोठा भाग गोंदिया जिल्ह्यात आहे) आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर शिकार बंद झाली. पीकरक्षणाच्या परवान्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये रायफलीचा नव्हे, तर ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. याच अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती व रूपांतर हा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. नळी आखूड करण्यावर कलम ६ चे वेगळे बंधन आहे. तेव्हा आवश्यक ते काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे लागते.

या बदलांचे आजचे खरे क्षेत्र म्हणजे नेमबाजीची स्पर्धा. ५० मी. रायफलीच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत गुडघ्यावर, पालथे व उभे राहून नेम धरावा लागतो. लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ केवळ १०·४ मिमी. व्यासाचे असते. प्रत्येक स्थितीत मान व खांदा यांची जागा बदलते. त्यासाठी गालाची पट्टी व खांद्याची पट्टी वरखाली, पुढेमागे सरकविता येणारे दस्ते वापरतात. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात ४५१·४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. ३०० मी. च्या मानक रायफलीला मात्र चापाची ओढ किमान १,५०० ग्रॅम असावी लागते.