लाजरा पाहुणा

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये हौसेने नवा मासा सोडला आणि तो गायब? टेन्शन घेऊ नका. तो तुमचं घर बघतोय... खडकाआडून!

शुक्रवारी ऑफिस सुटलं की पुण्यातल्या दुकानातून मासा घ्यायचा, पिशवी मांडीवर सांभाळत पुणे-नाशिक हायवेने मंचर नाहीतर नारायणगाव गाठायचं. भाड्याच्या फ्लॅटमध्ये घरमालक टँक ठेवू देत नाही, त्यामुळे गावाकडच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी टँक थाटायचा. शनिवारी मित्र बघायला येतात. टँक झकास, लाइट झकास, पण मासाच दिसत नाही! रविवारी रात्री तुम्ही पुण्याला परत. सोमवारी लंच टाइमला आईचा फोन, "अरे, तुझा तो निळा मासा काही दिसेना. मेला की काय?" आणि तुम्ही म्हणता, "जरा दगड हलवून बघ ना."

इथेच सगळा घोळ होतो. लपलेला मासा बहुतेक वेळा आजारी नसतो. पण त्याला शोधायला म्हणून आपण जे काही करतो, त्याने तो नक्की आजारी पडू शकतो.

मीठ घाट चढून आलं

जुन्नर-आंबेगावात खारं पाणी, हे ऐकायला जरा गमतीशीर वाटतं. पण समुद्राशी या भागाचं नातं जुनं आहे. सातवाहनांच्या काळापासून कोकणातल्या बंदरांवरचा माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असं आजही सांगतात. आता समुद्र येतो तो सी-सॉल्टच्या पाकिटातून. बोअरचं जड पाणी चालत नाही, म्हणून आरओचं पाणी घ्यायचं, त्यात मीठ कालवायचं, डेन्सिटी १.०२५ च्या आसपास आणि तापमान २५-२६ अंश राखायचं. हे सगळं पैसे आणि थोडा अभ्यास यांच्या जोरावर जमतं. पाकिटात मिळत नाही तो धीर!

तो का लपतो?

दुकानात दिसणारे खाऱ्या पाण्यातले बहुतेक शोभेचे मासे आजही थेट समुद्रातून, प्रवाळाच्या खडकांवरून पकडलेले असतात. जाळं, पकडणाऱ्याची बादली, निर्यातदाराची टाकी, विमान, होलसेलवाला, दुकान आणि शेवटी तुमची पिशवी. प्रत्येक टप्प्यावर पाणी वेगळं, उजेड वेगळा, शेजारी वेगळे. या दगदगीत माशाच्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचं स्ट्रेसचं हॉर्मोन वाढतं. मग भूक मरते आणि प्रतिकारशक्ती घसरते.

त्यात समुद्रातला साधा नियम असा, की अनोळखी जागी उघड्यावर फिरेल तो दुसऱ्याच्या पोटात जाईल. तुमच्या हॉलमध्ये मोठा मासा नाही, हे त्याला कोण सांगणार? त्याच्या दृष्टीने काचेपलीकडे हलणारी तुमची सावली हाच मोठा मासा. म्हणजे लपणं हे शहाणपणाचं लक्षण झालं. आडोशाला राहून तो शेजारी कोण आहेत, कोण अंगावर येतं, खाणं कधी पडतं याचा अंदाज घेत असतो. नव्या ऑफिसात पहिल्या आठवड्यात आपण वेगळं काय करतो?

क्लाउनफिश मात्र बऱ्याचदा टाकीतच जन्मलेला मिळतो. आपल्याकडे मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं प्रजनन यशस्वी केलेलं आहे. लहानपणापासून काच आणि माणूस बघितलेला असल्याने तो सहसा लवकर रुळतो. पहिला मासा म्हणून तो बेस्ट.

लाजण्याच्या तऱ्हा

'फाइंडिंग निमो' (२००३) मधली डोरी आठवते? ती ब्लू टँग. हा मासा नव्या टँकमध्ये खडकाच्या फटीत स्वतःला कोंबतो, रंग फिका करतो आणि चक्क आडवा पडून राहतो. बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो! थोड्या वेळाने स्वारी उठून पोहायला लागते. (हा पुढे फूटभर वाढतो, त्यामुळे छोट्या टँकसाठी नकोच.)

फायरफिश सावली दिसली की बाणासारखा बिळात शिरतो. बीळ सापडलं नाही तर उडी मारतो, थेट फरशीवर. म्हणून टँकवर जाळीचं झाकण हवंच.

आणि सगळ्यांत कडी म्हणजे लेपर्ड रॅस. नावातच बिबट्या! घाबरला की हा वाळूत घुसतो आणि दिवसेंदिवस दिसत नाही. बाहेर आला तरी सुरुवातीला त्याचं शरीर जुन्या गावच्या घड्याळावर चालत असतं, त्यामुळे तो भलत्याच वेळी फिरून पुन्हा वाळूत जातो. हळूहळू तो तुमच्या लाइटच्या वेळेला जुळवून घेतो. त्याला दोन-तीन इंच बारीक वाळू द्यायची आणि गप्प बसायचं. वाळू उकरली, तर त्याचं अंग सोलवटतं आणि भीती पुन्हा पहिल्यापासून सुरू.

बिबट्याने दिलेला धडा

बिबट्याचं नाव निघालंच आहे, तर जुन्नर-आंबेगावच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. दिवसभर उसात दडून राहायचं आणि अंधार पडला की निघायचं, हे तिथल्या बिबट्याचं वेळापत्रक. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात बरेच बिबटे पकडून दुसरीकडच्या जंगलांत नेऊन सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, आधी वर्षाला सरासरी ४ असलेले माणसांवरचे हल्ले या स्थलांतरानंतर १७ वर गेले.

कुठे बिबट्या आणि कुठे बोटभर मासा, असं म्हणाल. पण मुद्दा एकच आहे. प्राणी उचलून दुसऱ्या जागी ठेवला की काम संपलं, असं माणसाला वाटतं. प्राण्याचं काम मात्र तिथून सुरू होतं. बिबट्याच्या बाबतीत त्याची किंमत माणसांनी मोजली. माशाच्या बाबतीत ती मासा एकटाच मोजतो, तीही गुपचूप.

पहिल्या आठवड्याचा फंडा

– आधी घर, मग पाहुणा. खडकांत भरपूर फटी, गुहा, आडोसे ठेवा. उलटं वाटेल, पण जेवढे आडोसे जास्त, तेवढा मासा लवकर बाहेर येतो. पळायला जागा आहे हे कळलं की भीती कमी होते.

– बंद पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, तापमान जुळेल. पिशवी उघडल्यावर मात्र तासन् तास रेंगाळू नका. लांबच्या प्रवासात पिशवीत अमोनिया साठतो. हवा लागली की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि तोच अमोनिया जास्त विषारी होतो.

– पहिला दिवस टँकचा लाइट बंद. हॉलमध्ये मंद उजेड पुरे.

– काचेवर टकटक, फ्लॅशचे फोटो, "बघू बघू" करणाऱ्यांची गर्दी... सगळं बंद.

– डॅमसेलसारखे दादागिरी करणारे मासे सगळ्यांत शेवटी आणा. ते आधीपासून असतील, तर नव्याला काही दिवस टँकमध्येच जाळीच्या डब्यात ठेवा. एकमेकांना बघतील, पण चावे घेता येणार नाहीत.

– क्रोमिससारखे शांत, उघड्यावर पोहणारे मासे सोबत असले, तर नव्याला धीर येतो. "ते फिरतायत, म्हणजे धोका नाही," एवढं त्याला कळतं.

– खाणं थोडं आणि ठरलेल्या वेळी. त्याने तोंड लावलं नाही म्हणून ढीगभर ओतू नका, पाणी खराब होईल.

– दोन दिवसांच्या वीकेंडला मासा आणू नका. जोडून चार दिवस सुट्टी बघा. दिवाळी मात्र नको, फटाक्यांच्या दणक्याने जुना मासाही बिळात जातो! वीज गेली तर म्हणून बॅटरीवरचा एअर पंप घरच्यांना दाखवून ठेवा.

काळजी कधी करायची?

लाजणं आणि आजारपण यांत फरक आहे. कल्ले धापा टाकल्यासारखे भराभर हलतायत, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आलेत, पर फाटलेत, मासा पाण्याच्या वर येऊन तोंड मारतोय किंवा बाहेर फिरतोय पण आठवडा उलटला तरी काहीच खात नाहीये... यांपैकी काही दिसलं तर ते लाजणं नाही. लगेच पाणी तपासा आणि जाणकाराला विचारा. खरं तर नवा मासा आधी चारेक आठवडे वेगळ्या क्वारंटाइन टँकमध्ये ठेवणंच उत्तम. तिथे खडक नकोत, पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे टाकले की त्याची खोली तयार. आणि प्रवाळ किंवा समुद्री घोडा कोणी गुपचूप विकायला काढला, तर सरळ नाही म्हणा. दोघांनाही २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

आता प्रश्न दुकानातला. रंग बघून लगेच पाकीट काढू नका. दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा. हा किती दिवसांपासून तुमच्याकडे आहे? आणि माझ्यासमोर खाऊन दाखवतो का? कालच आला असेल किंवा खात नसेल, तर पुढच्या शनिवारी परत जा. आठवडाभर तिथे रुळलेला, समोर दाणा टिपणारा मासा घरी येऊनही लपणारच. पण तो कमी दिवस लपेल आणि भुकेने का होईना, बाहेर येईल.