विश्लेषण : शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याला का देऊ नयेत? संशय चिंचेपर्यंत कसा पोहोचला?

प्रसादाचा शिरा उरला की वाटीभर कुत्र्यापुढे ठेवायचा, ही अनेक घरांतली सवय. त्यातील तूप-साखर फार तर पोट बिघडवेल. बेदाणे मात्र त्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. हे पशुवैद्यांना दोन दशकांहून अधिक काळ ठाऊक आहे. असे का होते, याचा धागा मात्र २०२१ मध्ये हाती लागला आणि तो आपल्या स्वयंपाकघरातील चिंचेपर्यंत येऊन पोहोचला.

द्राक्षांवर संशय कधी आला?

अमेरिकेतील ‘एएसपीसीए’ या संस्थेचे प्राण्यांच्या विषबाधेबाबत सल्ला देणारे केंद्र आहे. तेथे येणाऱ्या नोंदींत एक विचित्र साम्य दिसू लागले. द्राक्षे किंवा बेदाणे खाल्लेल्या कुत्र्यांना आधी उलट्या होत आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे काम करेनाशी होत. २००१ मध्ये हे निरीक्षण अमेरिकी पशुवैद्यकांच्या नियतकालिकात आले. सुरुवातीला कीटकनाशके, बुरशीतील विष, जड धातू असे सगळे संशयित तपासले गेले. पण फवारणी न केलेल्या परसातल्या वेलीची द्राक्षे खाऊनही कुत्रे आजारी पडत होते. शिवाय एक कुत्रा मूठभर द्राक्षांनी अत्यवस्थ होई, तर दुसरा घडच्या घड खाऊन ठणठणीत राही.

मग कोडे कसे सुटले?

खेळण्याच्या मातीमुळे! घरी केलेली, मुलांच्या खेळण्याची रंगीत कणीक एका कुत्र्याने खाल्ली आणि त्याला द्राक्षांच्या विषबाधेसारखाच त्रास झाला. त्या कणकेत ‘क्रीम ऑफ टार्टर’ होते. केक-बिस्किटे करणाऱ्यांना ही पांढरी पूड परिचयाची असेल. ती टार्टारिक आम्लाचा क्षार असते, आणि हेच आम्ल द्राक्षांत मुबलक असते. याच केंद्रातील तज्ज्ञांनी २०२१ मध्ये ही शक्यता मांडली. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या लेखात क्रीम ऑफ टार्टर खाल्लेल्या सहा आणि चिंच खाल्लेल्या दोन कुत्र्यांची नोंद आहे. चिंचेची आंबट चवही मुख्यतः टार्टारिक आम्लाचीच.

द्राक्षांतील या आम्लाचे प्रमाण वाण, हवामान आणि पिकण्यानुसार बदलते. कच्च्या द्राक्षांत ते जास्त असते. एकाला बाधले, दुसऱ्याला नाही, याचे उत्तर बहुधा यात आहे.

माणसाला बाधत नाही, मग कुत्र्यालाच का?

माणसाच्या मूत्रपिंडातील पेशींत असे आम्ल बाहेर टाकणारी एक वाहक यंत्रणा असते. कुत्र्यात ती नसते, त्यामुळे आम्ल पेशींत साठते, असे पेशींवरील प्रयोगांतून दिसले आहे.

किती खाल्ले तर धोका?

इतके चालेल, असा आकडा पशुवैद्य देत नाहीत. आम्लाचे प्रमाणच ठरलेले नसल्याने तो देता येत नाही. बेदाणे अधिक घातक, कारण साधारण चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणे होतात. पाणी उडते, आम्ल उरते. गणपतीतील पंचखाद्याची खिरापत, खीर, फ्रूट केक, ड्रायफ्रूटची चिक्की हे सगळे पदार्थ याच यादीत येतात.

चिंचेचे काय? आमटीचा एखादा थेंब चाटला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण भिजवलेल्या चिंचेचा कोळ, गोळ्या किंवा पाणीपुरीच्या गोड चटणीचे भांडे त्याच्या तोंडापासून दूर हवे.

कांदा-लसूण, चॉकलेटचे काय?

कांदा-लसणातील गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवल्याने किंवा वाळवल्याने हा गुण जात नाही. दहा किलोच्या कुत्र्याला साधारण दीडशे ग्रॅम, म्हणजे दोनेक कांदे एका वेळी बाधू शकतात. रोज थोडे थोडे गेले तरी परिणाम साठत जातो. म्हणूनच रश्शात कालवलेली पोळी ही मायेची कृती असली तरी चूक आहे. चॉकलेट जितके गडद तितके वाईट. साखरविरहित च्युइंग गममधील झायलिटॉल तर अर्ध्या-एक तासात रक्तातील साखर धोकादायक पातळीवर आणू शकते. पाकिटावर तो ९६७ या क्रमांकानेही नोंदलेला असू शकतो. शिजवलेल्या हाडांत विष नसते, पण त्यांच्या चिरफळ्या आतड्याला भोके पाडतात.

मग द्यायचे तरी काय?

मीठ-मसाला न घातलेला भात, उकडलेले अंडे, हाडे काढलेली उकडलेली कोंबडी, लाल भोपळा, गाजर, बिया काढलेले सफरचंद, केळ्याचा तुकडा. दूध अनेक कुत्र्यांना पचत नाही. थोडे दही सहसा चालते. हे सारे वरखाऊ म्हणून, जेवणाऐवजी नव्हे.

बेदाणे खाल्लेच तर?

उलटीची वाट पाहू नये. पहिल्या एक-दोन तासांत दवाखान्यात नेले तर पशुवैद्य औषधाने उलटी करवून बराचसा भाग बाहेर काढू शकतात. घरी मिठाचे पाणी पाजू नये. त्याने रक्तातील सोडियम वाढून वेगळेच संकट उभे राहते. काय खाल्ले, अंदाजे किती, केव्हा आणि कुत्र्याचे वजन किती, एवढे फोनवरच सांगावे. पाकीट असेल तर सोबत न्यावे. गरज पडल्यास सलाइन दोन दिवस चालते आणि क्रिएटिनिनची तपासणी तिसऱ्या दिवसापर्यंत पुन्हा पुन्हा केली जाते. पहिल्या दिवशी तो शेपटी हलवत खेळत असेल, तरीही.