मधुमेहजन्य मज्जातंतुवेदना : आहार आणि मर्दन यांचे स्थान

दीर्घकाल वाढलेल्या रक्तशर्करेमुळे मज्जातंतूंचा आणि त्यांना पोसणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा ऱ्हास होतो. सर्वांत लांब तंतूंना त्याची झळ प्रथम लागते. म्हणून विकाराचा प्रारंभ बहुधा पायांच्या बोटांपासून होतो. हातापायांची बधिरता आणि दाह ही प्रमेहाची पूर्वलक्षणे चरकसंहितेच्या निदानस्थानातही सांगितलेली आहेत. या दोहोंचे साहचर्य हीच चिकित्सेतील खरी अडचण होय : जो पाय रात्री आगीसारखा जळतो, त्याच पायाला पुष्कळदा प्रत्यक्ष विस्तवाची जाणीव राहिलेली नसते.

आहारनियमनाचा मूळ हेतू रक्तशर्करा ताब्यात ठेवणे हा आहे. अमेरिका व कॅनडा येथील १,४४१ रुग्णांवरील दीर्घ परीक्षणाचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात काटेकोर नियंत्रणाने मज्जातंतुविकाराचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी घटते, असे त्यात आढळून आले. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात मात्र हा लाभ बराच मर्यादित आहे. तेथे वजन, रक्तातील स्निग्ध द्रव्ये व रक्तदाब यांचाही विचार करावा लागतो.

विशिष्ट आहाराने प्रत्यक्ष वेदना कमी होते काय, याविषयीचा पुरावा अल्प आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात ३५ रुग्ण होते. अल्पस्निग्ध वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्या गटाची वेदना २० आठवड्यांत अधिक उतरली. तथापि, त्या गटाचे वजनही घटले होते; तेव्हा श्रेय आहारघटकांचे की वजनघटीचे, हे त्यावरून ठरत नाही. शिवाय दोन्ही गटांना ब-१२ जीवनसत्त्व दिलेले होते, ही गोष्ट महाराष्ट्रातील वाचकाने विशेष ध्यानात घ्यावयास हवी. पुणे व परिसरातील पुरुषांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे दोनतृतीयांश व्यक्तींच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी आढळले, आणि शाकाहारी व्यक्तींत ही उणीव अधिक होती. मेटफॉर्मिनच्या दीर्घ सेवनानेही ते घटते. या उणिवेने होणारी बधिरता व मुंग्या मधुमेहजन्य लक्षणांहून वेगळ्या ओळखणे कठीण असते; परंतु ती उणीव भरून काढता येते. म्हणून दुखण्याचा सारा दोष साखरेवर टाकण्यापूर्वी रक्तपरीक्षा आवश्यक ठरते. साबुदाण्याची खिचडी, सडीक तांदळाचा भात आणि गोड चहा यांवर चाललेला शाकाहार म्हणजे उपर्युक्त प्रयोगातील आहार नव्हे, हेही उघड आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळी व पालेभाज्या त्याला अधिक जवळच्या. मात्र भाकरीचेही प्रमाण मोजावेच लागते.

आणखी एक इशारा आवश्यक आहे. दीर्घकाल चढलेली साखर एकाएकी खाली आणल्यास तीव्र मज्जातंतुवेदना नव्याने उद्भवू शकते. शिवाय औषधाची मात्रा न बदलता आहार तोडल्यास साखर धोकादायक रीतीने उतरते. म्हणून हे नियमन क्रमाक्रमानेच व्हावे.

मर्दनाच्या उपयोगाची एक उपपत्ती मेल्झॅक व वॉल यांनी १९६५ साली मांडलेल्या द्वारसिद्धान्तात मिळते. स्पर्श वाहणारे जाड तंतू उत्तेजित झाले, की वेदनेचे संदेश पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतच काही अंशी अडविले जातात. काशाच्या वाटीने तळपाय घासल्यावर वाटणारा आराम याच मार्गाने संभवतो. परंतु हा आराम तात्पुरता असतो. मर्दनाने झिजलेले तंतू पुन्हा वाढतात, असा पुरावा नाही. उपलब्ध परीक्षणे लहान आहेत.

मर्दनापूर्वी १० ग्रॅम दाबाच्या नायलॉन तंतूने तळपायाची संवेदना तपासावी. संवेदना हरपली असल्यास गरम तेल, शेक आणि जोराचे घर्षण ही तिन्ही वर्ज्य होत. रुग्णाला न जाणवलेला फोड व्रणाचे, आणि व्रण अंगच्छेदाचे कारण होऊ शकतो. पाय लाल, गरम व सुजलेला असल्यास मर्दन न करता वैद्यकीय तपासणी तत्काळ करावी.

सारांश, आहार हा चिकित्सेचा पाया आहे, मर्दन हे सोबतीचे साधन आहे. वेदनाशमनासाठी सिद्ध झालेल्या औषधांची जागा दोहोंपैकी एकही घेत नाही. वेदना थांबली म्हणजे पाय बरा झाला, असेही मानता येत नाही. कारण तंतू पुरता नष्ट झाला, तरीही वेदना थांबतेच.